लेकरांचं शिवण: कपडे आणि खोली (प्रकल्प नोंदी, परभणी, एप्रिल-मे २०२५)

२ एप्रिल : कापड

कामाची यादी: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची चार झबली आणि एक कुंची, तीन वर्षांच्या मुलाच्या दोन चड्ड्या, चार वर्षांच्या मुलीचा खणाचा परकर. खोलीसाठी पश्चिमेच्या खिडकीचे पडदे, एक वाकळ आणि भिंतीवर टांगायचे खिसे. मशीन पायाचं. लाईट गेली तरी अडत नाही आणि लहान गोलाईत एकेक टाका मोजून घेता येतो.

आणलेलं कापड: मलमल अडीच मीटर, पॉपलीन एक मीटर, पडद्याचं छापील सुती सव्वातीन मीटर, मांजरपाट पाच मीटर (चारही ४४ इंच पन्ह्याचे), खण सव्वादोन मीटर. घरची दोन जुनी सुती लुगडी.

आज कात्री हातात घेतली नाही. प्रत्येक नव्या कापडावर रंगीत दोऱ्यानं ४० इंचांची खूण केली, एक उभ्या धाग्यावर, एक आडव्या. खण तेवढा बाजूला ठेवला, बाकी सगळं रात्रभर साध्या पाण्यात भिजत घातलं. सकाळी चोळून खळ काढली, न पिळता वाळवलं, किंचित ओलं असताना इस्त्री. मग खुणा मोजल्या. उभ्या धाग्यावर मलमल साडेअडतीस, पॉपलीन ३९, छापील सुतीही ३९, मांजरपाट थेट ३७. आडव्या धाग्यावर सगळ्यांत फरक अर्ध्या इंचाच्या आतबाहेर. मागावर ताणा (उभे धागे) ओढून धरलेला असतो, पाणी लागलं की तो मोकळा होतो, म्हणून कापड लांबीत जास्त आटतं. न भिजवता शिवलेली चड्डी दोन धुण्यांत आसनाला घट्ट होते ती याच कारणानं, आणि दोष मात्र मापाला लागतो.

बोअरच्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही, तो पांढरट थर होऊन धाग्यात बसतो आणि मऊ मलमलसुद्धा वाळल्यावर खरबरीत लागते. धुण्याला साबण नेहमीपेक्षा कमी घेतला. शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलं. हातात धरून पाहिलं तर फरक लगेच कळतो.

कापायची कड फाडून सरळ करायची नाही. फाडताना कडेचे धागे ओढले जातात. एक आडवा धागा सुईनं उचलून अलगद ओढला की त्या रेषेत कापडात बारीक वाट उमटते, त्या वाटेनं कापायचं. मलमलीत धागा मध्येच तुटतो, तुटला तिथून पुन्हा उचलायचा.

४ एप्रिल : झबली बेतणं

पाठीवर बांधायच्या बंदांचं झबलं शिवायचं नाही, असं ठरलं. एवढं लहान लेकरू दिवसभर उताणं असतं, गाठ बरोबर मणक्याखाली येते. पुढून एकावर एक येणारे दोन पल्ले आणि बगलेपाशी बंद, अंगरख्याच्या पद्धतीनं. असं झबलं डोक्यातून ओढावं लागत नाही, बाळाला त्यावर निजवून बंद करता येतं.

छाती १७ इंच धरून मापं अशी: पाठ ११ इंच रुंद, १३ इंच लांब. पुढचे दोन पल्ले प्रत्येकी ८ इंच रुंद, १३ लांब (मध्यरेषेपुढे अडीच इंच जास्त, तेवढा पल्ला दुसऱ्यावर येतो). अर्धा खांदा साडेतीन, मुंढा (बगलेची गोलाई) ४, गळ्याची अर्धी रुंदी २, पाठीचा गळा पाऊण इंच खोल. पुढचा गळा खांद्यापासून तिरपा उतरत पल्ल्याच्या कडेला ५ इंचांवर संपतो. शिवणी जाऊन घेर साडेवीस राहतो, म्हणजे अंगापेक्षा साडेतीन इंच ढिला. यापेक्षा कमी ढिलं ठेवलं तर पुढच्याच महिन्यात बगल काचते. जास्त ठेवलं तर कापड मानेशी गोळा होतं.

चार झबल्यांना तीन रांगा लागतात: पहिलीत तीन पाठी आणि एक पल्ला, दुसरीत एक पाठ आणि तीन पल्ले, तिसरीत चार पल्ले. ३९ इंचांत सगळं बसतं. तिरप्या पट्टीसाठी अर्धा मीटर वेगळं. उरलेलं कुंचीच्या अस्तराला आणि परकराच्या बॉडीला.

पल्ले कापल्याबरोबर तिरप्या गळ्याच्या कडेला एक साधी शिलाई मारून घ्यायची. पहिल्या पल्ल्याला ती मारली नव्हती. तासाभरात नुसत्या उचल-ठेवीनं ६.७ इंचांची कड सव्वासात झाली आणि गळा लाटेसारखा उठला. तिरपी कड ताणली की परत येत नाही. तो पल्ला बाद करून नवा कापला.

५ एप्रिल : झबली शिवणं

मशीनला १४ नंबरची सुई होती, मलमलीला ती जाड. ११ नंबरची घातली, दोरा बारीक सुती, टाके इंचाला १२. सुरुवातीलाच मशीन कापड गिळतं. मलमलीचं टोक सुईबरोबर खालच्या पट्टीच्या भोकात जातं आणि दोऱ्याचा गुंता होतो. दोन गोष्टी एकदम करायच्या: कापडाखाली वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी ठेवायची, आणि वरचा-खालचा दोन्ही दोरे मागे ओढून पहिले तीन टाके होईपर्यंत धरून ठेवायचे. कागद नंतर शिलाईच्या रेषेत फाटून निघतो.

या सगळ्या कामात एकाच गोष्टीवर नजर आहे. बाहेरून शिवण कशी दिसते ते मोठ्यांसाठी. लेकराच्या अंगाला लागते ती आतली बाजू, आणि एप्रिलच्या घामात आतली एक कडक कड बगलेत लाल रेघ उठवायला पुरते. म्हणून खांदा आणि बगल दोन्हीकडे दुहेरी शिवण, कच्ची कड आतच गाडून टाकणारी. कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींवर ठेवून एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत पहिली शिलाई. उरलेली कड निम्मी छाटायची, मग कापड उलटवून, शिवण नखानं दाबून, दोन सुतांवर दुसरी शिलाई. एकूण तीन सूत कापड जातं, ते मापात आधीच धरलेलं आहे.

चुकतं ते छाटण्यात. पहिल्या झबल्याला छाटताना आळस झाला आणि दुसऱ्या शिलाईतून बाहेरच्या बाजूला धागे मिशांसारखे डोकावले. असे धागे कात्रीनं कापून भागत नाही, धुतलं की पुन्हा येतात. पूर्ण बगल उसवली, छाटली, पुन्हा शिवली.

गळ्याला आणि मुंढ्यांना उरेब (तिरपी कापलेली पट्टी), सव्वा इंच रुंद. उरेब बरोबर ४५ अंशांतच हवी. अंदाजानं कापलेली पट्टी एका बाजूला पीळ घेते आणि गोलाईत सुरकुती पडते. चौकोनाची कड उभ्या धाग्यावर दुमडून आलेल्या कर्णावर खडू ओढला की माप लागत नाही. नेहमी पट्टी बाहेरून लावून आत उलटवतात, इथे उलट केलं: आधी आतून जोडली आणि बाहेर आणून शिवली. दुमडीचा जाड भाग बाहेर राहतो, कातडीशी फक्त सपाट कापड.

बंद चार, प्रत्येकी ६ इंच. एक आतल्या पल्ल्याच्या टोकाला, त्याचा जोडीदार बगलेच्या आतून, तसंच बाहेरच्या पल्ल्याला बाहेरून. ६ इंचांपेक्षा लांब नको, लांब बंद लेकराच्या बोटांना किंवा मानेला गुंडाळला जातो. बंद शिवणीत घालून मागे-पुढे तीनदा शिलाई. टिचबटनं मुद्दाम टाळली: निखळलेलं बटन आधी तोंडात जातं.

खालची दुमड पाव इंच, मग पुन्हा पाव इंच, हातानं तुरपाई. चौथ्या झबल्याची खालची दुमड मशीननं मारून पाहिली. सरळ आली, पण कडक लागते.

९ एप्रिल : चड्ड्या

पॉपलीन, तीन वर्षांचं माप: कंबर २०, बसायची जागा २१ इंच. दोन तुकडे, प्रत्येकी साडेचौदा इंच रुंद आणि सव्वाचौदा लांब. लांबीत आसन ८, पाय ३, कंबरेची दुमड सव्वा, खालची दुमड १, आणि मागे चढ १ इंच. आसनाची गोलाई पुढे दीड इंच, मागे सव्वादोन.

घरच्या चड्डीत हमखास चुकतं ते इथेच. पुढचा आणि मागचा भाग एकाच मापानं कापला की उभं असताना चड्डी छान दिसते, लेकरू उकिडवं बसलं की मागून खाली उतरते. बसताना पाठीमागे कापड जास्त लागतं. मागची कंबर पुढच्यापेक्षा इंचभर वर चढवायची आणि मागची गोलाई जास्त खोल घ्यायची, एवढ्यानं ते सुटतं.

इलास्टिक अर्धा इंच, लांबी कंबरेपेक्षा २ इंच कमी अधिक जोडाला १ इंच: १९ इंच. नेफा (इलास्टिक ओवायची दुमड) पाऊण इंच. नेफा इलास्टिकच्या बरोबरीचा ठेवला तर इलास्टिक आत अडकतं. फार मोठा ठेवला तर ते पलटी खातं आणि दोरीसारखं वळून कंबरेला रुततं. पलटी थांबवायला चार ठिकाणी, दोन्ही बाजूंना आणि आसनाच्या शिवणींवर, उभी छोटी शिलाई मारली. जोड एकावर एक चढवून शिवला, टोकाला टोक नाही.

नेफ्याच्या मागच्या शिवणीत एक इंचाची फट उघडी ठेवली. इलास्टिक कापडाआधी जातं, विशेषतः इकडच्या उन्हात दोरीवर वाळवलेलं. फट असली की सेफ्टी पिन लावून पाच मिनिटांत नवं ओवता येतं, नेफा उसवावा लागत नाही.

१४ एप्रिल : कुंची

मलमलीचीच, अस्तरही मलमलीचं. खणाची कुंची बारशाला शोभते, पण या दिवसांत तासाभरापेक्षा जास्त घालू नये, डोक्याची ऊब कोंडते.

टोपीचा तुकडा १५ गुणिले साडेसहा इंच. १५ ची बाजू मधोमध दुमडायची, मागची साडेसात इंचांची कड शिवायची, पुढची मोकळी राहते तो चेहरा. खालची कड दोन्ही बाजू मिळून १३ इंच. पाठीवरचा पडदा २२ इंच रुंद, १२ लांब, चुण्या घालून १३ वर आणायचा आणि टोपीला जोडायचा. चुण्या मधोमध मानेमागे कमी, बाजूंना जास्त. सगळ्या मागे गोळा केल्या तर निजलेल्या बाळाच्या मानेखाली उशी तयार होते.

हनुवटीखाली बंद नको, गळ्याशी कुठलीही दोरी नको. दोन्ही कानांपाशी टोपीच्या आतून २ इंचांचं मऊ इलास्टिक ढिलं लावलं, कुंची जागेवर राहते. झोपताना मात्र ती काढायचीच.

१९ एप्रिल : परकर

खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, पन्हा ३१ इंच, काठ दोन्ही कडांना. काठ खाली यावा म्हणून कापडाची लांबी घेराला वापरली: ८० इंच. उंची २२, कंबरेला दीड, आणि वाढीची चुण ४ इंच. ही चुण म्हणजे काठाच्या वर, आतून, २ इंच खोल दुमडून मारलेली शिलाई. पुढच्या वर्षी उसवली की परकर ४ इंच लांब. उसवताना सोपं जावं म्हणून टाके इंचाला फक्त ६, दोरा कापडाच्याच रंगाचा. उसवल्यावर दुमडीची रेघ दिसतेच, तिथे तेव्हा पट्टी लावता येईल.

चार वर्षांच्या मुलीला कंबर अशी नसतेच. नाडीचा परकर धावताना खाली येतो, नाडी आवळली तर पोटावर वळ उठतो. म्हणून परकर मलमलीच्या बिनबाहीच्या बॉडीला जोडला. वजन खांद्यांवर येतं, पोट मोकळं.

जुन्या भरजरी कापडांबद्दल इथेच लिहून ठेवावं, कारण लेकरांच्या कपड्यांना आजीच्या साडीचा तुकडा लावायची हौस सगळ्यांनाच असते. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा असतो, नक्षीचा धागा जिथे संपतो तिथेच गुंफलेला असतो, मागे लोंबत नाही. तो तुकडा अस्तर लावून खुशाल वापरावा, जरीची बाजू कातडीपासून दूर ठेवावी. हिमरूचं (सूत-रेशमाच्या नक्षीदार कापडाचं) वेगळं आहे. नक्षीचा जादा धागा जिथे वर दिसत नाही तिथे तो मागे मोकळा धावतो. त्या मोकळ्या धाग्यांत लेकराचं बोट सहज अडकतं आणि एक धागा ओढला की पूर्ण फूल आवळतं. हिमरूला अस्तराशिवाय हात लावू नये. त्याची उशीची खोळ उत्तम.

२३ एप्रिल : पडदे

खिडकी ४८ इंच रुंद, ४२ उंच, तोंड पश्चिमेला. दुपारी तीननंतर खोलीत बसवत नाही. एकेरी छापील पडद्यानं उजेड अडतो, ऊन अडत नाही. काचेच्या बाजूला पांढरट मांजरपाट लावलं की बरंचसं ऊन तिथूनच परत फिरतं. मांजरपाट न रंगवलेलं हवं.

दोन पाट, प्रत्येकी पूर्ण पन्ह्याचा. कडा दुमडून जोडी ८४ इंच भरते, म्हणजे दांडीच्या पावणेदोन पट. दीडपटीच्या खाली गेलं की पडदा चादर टांगल्यासारखा दिसतो आणि मधे फट पडते. उंची: दांडी खिडकीच्या वर ४, खाली ६, मिळून ५२. वरची दुमड ४, खालची ५. प्रत्येक पाट ६१ इंच.

अस्तर इंचभर आखूड, आणि वर व बाजूंना जोडलेलं, खाली मोकळं. दोन कापडं वेगवेगळी आटतात. खाली शिवून टाकलं तर धुतल्यावर एक ओढतं आणि दुसरं पोतं होतं. बाजूची शिवण खालून ८ इंच आधी थांबवली.

वर कापडी फासे, ३ इंचांचे, प्रत्येक पाटाला सात. ओढायची दोरी लावली नाही, खाली लोंबणारं काहीही लेकराच्या हाताशी नको.

२६ एप्रिल : वाकळ, कापड निवडणं

लुगडं उजेडासमोर धरून हळूहळू सरकवत पाहिलं. बसायच्या जागी आणि खोचणीच्या पट्ट्यात कापड विरलेलं असतं, तिथून उजेड चाळणीसारखा येतो. पदर आणि आतला शेव बहुधा धड असतात. विरलेलं टाकलं नाही, ते आतल्या थरांना. वरचा आणि खालचा थर धड कापडाचा.

दुसऱ्या लुगड्यात सुताबरोबर आणखी काही आहे का, अशी शंका होती. काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळला. सूत कागदासारखं जळतं, करडी राख चुरगळते. हा धागा वितळून टोकाला कडक मणी झाला. मधला भाग वेगळा जाळून पाहिला, तो शुद्ध सुती निघाला. काठ कापून बाजूला केला. वितळणारा धागा वाकळीत नको: घाम शोषत नाही, आतले थर घसरून एका कोपऱ्यात गोळा होतात, आणि ठिणगी पडली तर अंगाला चिकटतो.

माप ४० गुणिले ५० इंच, पाच थर. प्रत्येक थर ४२ गुणिले ५२ कापला. जोड द्यावे लागले तिथे जोडाची शिवण सपाट दाबून घेतली, आणि दोन थरांचे जोड एकावर एक येऊ दिले नाहीत. नाहीतर त्या रेषेत कायमची गाठ लागते.

२७ एप्रिल : वाकळ, अंथरणं

सारवलेली जमीन याला उत्तम, फरशी घसरते. फरशीवर आधी सतरंजी टाकली. सर्वांत खालचा थर पसरून चार कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता, दोन विटा (कापडात गुंडाळलेल्या). एकेक थर टाकताना मधून कडेकडे तळहातानं हवा काढली. ताणायचं नाही. ताणलेलं जुनं कापड वजन काढल्यावर आत येतं आणि वाकळीला पोट सुटतं.

मग कच्चा धावदोरा, एक वीत अंतरानं, मधून बाहेर. आधी उभा-आडवा क्रॉस, मग मधल्या रेषा. वाकळ नेहमी कडेनं सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत नेतात आणि तेच योग्य आहे, कडा पक्क्या होतात. पण कच्चा धावदोरा मधून बाहेर गेलेला नसेल तर सैल कापड फेरीगणिक पुढे ढकललं जातं आणि मध्यावर पोहोचेपर्यंत मुठीएवढा फुगा होतो. तो फुगा मग कशानंच बसत नाही.

२८ एप्रिल ते ४ मे : वाकळ, धावदोरे

दोरा साधा सुती ४० नंबर, चौपदरी, मेणावरून एकदा ओढलेला. लांबी हातभर. जास्त घेतली तर दर चौथ्या टाक्याला पीळ पडून गाठ बसते. टाका तीन सूत, दोन फेऱ्यांत पाऊण इंच.

हिशेब आधी केला म्हणून दोरा कमी पडला नाही. ४० गुणिले ५० म्हणजे २००० चौरस इंच, भागिले पाऊण: जवळजवळ २६७० इंच धावदोरा, ६८ मीटर. टाका खाली-वर जातो त्यात सातवा हिस्सा वाढतो: ७८ मीटर. चौपदरी म्हणून ३१० मीटर. कच्च्या धावदोऱ्याचं वेगळं.

सुई एका वेळी तीन टाके घेऊनच ओढायची, त्याहून जास्त नाही. पाच थरांत सुई तिरपी गेली तर वरून टाका दिसतो आणि खालच्या थराला लागतच नाही. दर फेरीनंतर वाकळ उलटून खालची बाजू पाहायची. तिसऱ्या फेरीत असे अकरा टाके हुकलेले सापडले, सगळे उजव्या कडेला, जिथे हात अवघडून सुई आडवी होते. तिथे वाकळ फिरवून घ्यायची. दोघींनी समोरासमोर बसून शिवलं तर हे आपोआप टळतं, प्रत्येकीला आपली बाजू सरळ.

गाठ वर ठेवायची नाही, खालीही नाही. दोरा दोन थरांच्या मधे नेऊन दोन मागचे टाके घ्यायचे आणि टोक आतच सोडायचं. या वाकळीवर लेकरू उघड्या अंगानं लोळणार आहे.

एकूण फेऱ्या २६. दोघींचे मिळून सुमारे वीस तास. शेवटच्या फेरीत मधे अरुंद चौकोन उरतो, त्याला एकच सरळ रेघ. कडेला वितळणारा काठ लावला नाही, मलमलीची दोन इंची पट्टी लावली.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला ही अंगावर घालायची नाही, खेळायला जमिनीवर अंथरायची. झोपेत सैल पांघरूण तोंडावर येतं. मोठ्या लेकरांना पहाटेच्या गारव्यापुरती पुरते.

८ मे : भिंतीवरचे खिसे

उरलेलं मांजरपाट दुहेरी, २० गुणिले ३० इंच, तीन रांगांत सहा खिसे. खिसा १३ इंच रुंद कापून मधे दीड इंची दुहेरी चुण, उंची ७. चुण नसली तर पुस्तक बसतं, गाडी बसत नाही. खिसे फाटतात ते वरच्या कोपऱ्यांतून, म्हणून तिथे त्रिकोणी शिलाई आणि मागे एक चिंधीचा तुकडा. वर बांबूची काठी, दोन्ही टोकांना खिळ्यावर. खालच्या रांगेचा तळ जमिनीपासून १६ इंच, लेकराला स्वतः ठेवता आलं पाहिजे.

१२ मे : धुऊन तपासणी

सगळं तीनदा धुतलं, दोनदा उन्हात, एकदा सावलीत वाळवलं.

झबलं १२ चं पावणेबारा. चड्डीची लांबी तशीच, इलास्टिक पाव इंच सैलावलं. पडद्याचं अस्तर आणखी पाऊण इंच वर गेलं, खाली मोकळं असल्यानं बाहेरून कळत नाही. वाकळीचा एकही थर सरकला नाही. ओली उचलताना दोघींनी खालून धरली, दोरीवर एका टोकानं टांगली नाही. त्यानं वरचे धावदोरे तुटतात.

बिघडलं ते परकराचं. लाल खणाचा रंग सुटला आणि मलमलीची बॉडी कंबरेपासून दोन बोटं वर गुलाबी झाली. खण आधी भिजवला नव्हता, घडी मोडेल म्हणून. ओल्या पांढऱ्या चिंधीनं कोपरा घासून पाहायला एक मिनिट लागलं असतं. मिठाच्या पाण्यात बुडवून सुटणारा रंग पक्का होत नाही, खूप घरांत तसा समज असला तरी. आता बॉडी उसवायची, खण एकटा गार पाण्यात धुवायचा, पाणी निवळ येईपर्यंत, मग नवी बॉडी जोडायची. तोवर तो घामात घालायचा नाही, रंग अंगालाही लागतो.

झबली उलटी करून तळहात फिरवला. तीन ठीक. चौथ्याची मशीननं मारलेली खालची दुमड धुतल्यावर अधिकच कडक झाली आहे, मांडीशी घासेल. ती उसवून हातानं घातली, दोरा एकपदरी, टाके तीन सुतांवर. पुन्हा हात फिरवला. आता चारही सारखी लागतात.